गावच्या घरी लिनक्स: कोणाला चालेल, कोणाला नाही

प्रश्न थोडक्यात असा. मालवणजवळच्या गावात आई-वडील राहतात, घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतात. लॅपटॉप २०१६ सालचा, इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, आत जुनी हार्ड डिस्क. विंडोज १० चे अपडेट थांबले, विंडोज ११ त्यावर चढत नाही. मुलगा मुंबईत नोकरीला आहे. गणपतीला गावी आला की लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम, टाकून द्यावी असं त्याच्या मनात आहे. तो विचारतो, रोजच्या साध्या वापरासाठी लिनक्स खरंच तयार झालंय का?

तुमच्या आई-वडिलांसाठी झालंय. त्यांच्या शेजारी कोणी आपले सरकार सेवा केंद्र चालवत असेल तर त्याच्यासाठी अजून नाही. कुडाळ-सावंतवाडी भागात मी बरीच वर्षं संगणक दुरुस्तीचं काम करतो. लोकांच्या घरी लिनक्स बसवलंय, आणि काही जणांना ते बसवू नका असं स्पष्ट सांगितलंय. लिनक्स स्वतः किती चांगलं आहे यावर निर्णय फारसा अवलंबून नसतो. त्या संगणकाला काय काय जोडलेलं आहे, आणि तो अडला तर सोडवायला कोण आहे, यावर सगळं ठरतं. आमच्याकडचं गिऱ्हाईक पहिल्यांदा हेच विचारतं: "बंद पडलो तर बघूक कोण येतलो?" मला हा प्रश्न सगळ्यात शहाणा वाटतो.

आधी विंडोजची स्थिती. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले. घरगुती वापरकर्त्याने आपलं मायक्रोसॉफ्ट खातं जोडून नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि, इंटेल असेल तर, साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप बाहेर पडतात, मग ते कितीही धडधाकट असोत. ही अट चुकवून ११ टाकून देणारे बाजारात आहेत. मी तसं करत नाही, कारण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. वडील त्याच लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार करणार असतील तर ही लहान गोष्ट नाही.

दुसरी एक गोष्ट इथे उघड बोलली जात नाही. लिनक्स फुकट आहे याचं आमच्याकडे कोणाला अप्रूप नाही, कारण विंडोजही फुकटच असतं अशी सार्वत्रिक समजूत आहे. दुकानदार पाचशे-सातशे रुपये घेतो आणि 'फॉरमॅट मारून' क्रॅक केलेली प्रत, क्रॅक केलेलं ऑफिस, सगळं घालून देतो. तो क्रॅक चालवण्यासाठी आधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो. त्या छोट्या प्रोग्रॅमने मशीनमध्ये आणखी काय सोडलं हे ना दुकानदाराला माहीत असतं, ना मालकाला. म्हणून गावातल्या घरी लिनक्सचा पहिला फायदा मी असा सांगतो: सगळं अधिकृत आहे, सगळ्याला अपडेट येतात आणि काहीही चोरलेलं नाही.

आता तुमच्या लॅपटॉपबद्दल. लिनक्सच्या आधी त्यातली हार्ड डिस्क बदला. फिरती डिस्क ठेवून लिनक्स टाकलं तरी ते रखडतच चालेल, आणि मग आई म्हणेल की हे नवीन काहीतरी वाईट आहे. अडीच इंची साटा एसएसडी (आत काही न फिरणारी, जलद डिस्क), २४० किंवा २५६ जीबीची, पुरेशी होते. रॅमची दुसरी खाच रिकामी असेल तर आणखी ४ जीबी घाला. उघडलाच आहे तर रॅमचे संपर्क पुसून घ्या आणि पंखाही साफ करा. खाऱ्या दमट हवेत ते काम दोन-तीन वर्षांनी करावंच लागतं. एवढं केलं की तो लॅपटॉप आणखी बरीच वर्षं काढेल.

यात एक मोठी सोय आपोआप साधते. जुनी डिस्क पुसायची नाही. वर तारीख आणि 'विंडोज' असं लिहून, कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवायची. काही राहिलं असेल तर यूएसबी केबलने जोडून काढता येतं, आणि अगदीच जमलं नाही तर ती परत बसवली की पूर्वीचा संगणक जसाच्या तसा. एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टीम ठेवायचा पर्याय बरेच जण सुचवतात. घरातल्या ज्येष्ठांसाठी मी त्याच्या विरोधात आहे. चालू करताना निवड विचारणारा पडदा येतो आणि ते गोंधळतात. विंडोज घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स जागतिक वेळ, त्यामुळे एकातून दुसऱ्यात गेलं की घड्याळ साडेपाच तासांनी सरकतं. विंडोजचं जलद स्टार्टअप चालू राहिलं तर त्या भागातल्या फायली लिनक्समध्ये वाचता येतात, बदलता येत नाहीत. हे सगळं सुधारता येतं, पण मुंबईहून फोनवर नाही.

कोणतं लिनक्स? मिंट. विंडोज वापरलेल्या माणसाला खालची पट्टी, डाव्या कोपऱ्यातला मेनू, उजवीकडचं घड्याळ सगळं ओळखीच्या जागी सापडतं. मिंटची २२ ही मालिका उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ८ जीबी रॅम झाली तर सिनॅमन आवृत्ती घ्या, ४ वरच राहिलात तर हलकी एक्सएफसीई. लिनक्सच्या बाकी शेकडो प्रकारांच्या चर्चेत शिरू नका. ती तुमची हौस असेल, आई-वडिलांची नाही.

त्यांची कामं पाहू. बुकिंगच्या वेबसाइट, ईमेल, व्हॉट्सअॅप वेब, नेट बँकिंग, महावितरणचं बिल, डिजिटल सातबारा, परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत भरायची त्याची माहिती, नातवंडांशी गूगल मीट. हे सगळं ब्राउझरमध्ये होतं, आणि क्रोम किंवा फायरफॉक्स लिनक्सवरही तेच आहेत. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे चित्र नव्हतं. सरकारी आणि बँकांच्या कित्येक वेबसाइट फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चालायच्या. लिनक्स सामान्य माणसापर्यंत पोचायला लिनक्समधल्या सुधारणांइतकंच हे कामांचं ब्राउझरमध्ये जाणं कारणीभूत आहे. पाहुण्यांच्या पावत्या, खर्चाची वही, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब यांना लिब्रेऑफिस (एमएस ऑफिससारखं मोफत सॉफ्टवेअर) पुरतं. देवगडच्या एका बागायतदाराची एक्सेलमधली फाइल, ज्यात पेटी, डझन, दर आणि उधारी अशी बेरजांची जुनी घडी होती, ती मी लिब्रेऑफिसमध्ये उघडून दिली. काही बदल न करता चालली. मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आतच लिहिलेल्या आज्ञा, असलेल्या फायलींचं मात्र तसं नाही. आयकर विभागाची एक्सेलमधली विवरणपत्रं मॅक्रोंवर चालतात, ती तिथे चालणार नाहीत. साधं विवरणपत्र पोर्टलवर थेट भरता येतं.

पेनड्राइव्हचा त्रास तुम्हाला ठाऊक असेल. झेरॉक्सच्या दुकानात लावून आणला की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात आणि मूळ फायली लपलेल्या. लिनक्समध्ये ते शॉर्टकट निरुपयोगी असतात आणि लपवलेलं फोल्डर बहुतेक वेळा आपोआपच समोर दिसतं. निव्वळ अशा फायली सोडवण्यासाठी माझ्या बाकावर एक मिंटचा लॅपटॉप कायम असतो.

प्रिंटरवर मात्र थांबून विचार करा, कारण घरातलं लिनक्स सगळ्यात जास्त वेळा तिथेच अडतं. लिनक्सची छपाईची व्यवस्था, कप्स, मॅकमध्येही वापरली जाते आणि ती चांगली आहे. वायफाय असलेला अलीकडचा प्रिंटर बहुतेक वेळा ड्रायव्हरशिवायच दिसतो. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांचा आधार मिंटमध्ये आधीच असतो, एप्सनच्या शाईच्या टाकीवाल्या प्रिंटरांचे आणि ब्रदरचे ड्रायव्हर मिळतात. अडचण येते ती काही स्वस्त, छोट्या लेझर प्रिंटरांची. पानाची आखणी करण्याचं काम ते स्वतः करत नाहीत, संगणकातल्या ड्रायव्हरकडून करून घेतात, आणि तो ड्रायव्हर विंडोजसाठीच नीट लिहिलेला असतो. आपल्याकडच्या दुकानांत आणि कार्यालयांत नेमके हेच प्रिंटर जास्त आहेत, कारण ते दणकट आहेत आणि टोनर स्वस्तात भरून मिळतो. घरी तसा असेल तर तो लिनक्सवर चालवायचा खटाटोप करू नका. प्रिंटर बदलायची तयारी नसेल, तर लिनक्सचा बेत सोडा.

मराठीचा विषय माझ्या जवळचा आहे, आणि त्याबद्दल इंटरनेटवर फारसं कामाचं वाचायला मिळत नाही. पडद्यावरची देवनागरी आज लिनक्समध्ये निर्दोष दिसते. 'वाऱ्यावर', 'दऱ्याखोऱ्यांत' यांमधला अर्धा र नीट उमटतो, जोडाक्षरं तुटत नाहीत. हार्फबझ नावाचं अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर क्रोम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस तिन्हींत आहे, त्यामुळे सगळीकडे सारखंच दिसतं. टंकलेखनासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण मांडणी) आहे, उच्चारानुसारी मांडणीही आहे. ज्यांची बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, बसली आहेत त्यांच्यासाठी आयबस हे टंकलेखनाचं सॉफ्टवेअर आणि त्याचं एम-१७-एन हे पूरक पॅकेज टाकलं की ती मांडणीही मिळते. 'नमस्कार' रोमनमध्ये लिहून मराठी उमटवण्याची सवय असेल तर थोडा सराव लागेल, कारण लिनक्सच्या उच्चारी मांडणीचे नियम थोडे वेगळे आहेत.

खरी गोची जुन्या फायलींची. आपल्याकडच्या पतसंस्था, ग्रामपंचायती, देवस्थानं, नाटक मंडळं यांच्याकडे वर्षानुवर्षांचा मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा तसल्या जुन्या फॉन्टांत पडून आहे. तो युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखा चालणाऱ्या आजच्या पद्धतीतला, नाही. फॉन्ट नसला की मराठीच्या जागी निरर्थक रोमन चिन्हं दिसतात. हे विंडोजवरही होतं, पण तिथे कोणीतरी तो फॉन्ट टाकलेला असतो म्हणून लक्षात येत नाही, आणि मग दोष लिनक्सला दिला जातो. फॉन्टची फाइल लिनक्समध्येही टाकता येते आणि मजकूर वाचता येतो. श्रीलिपीसारख्यात नवीन लिहायचं तर त्या कंपनीचं विंडोजवरचं सॉफ्टवेअर लागतं. वडील देवस्थानचा हिशेब किंवा मंडळाची पत्रकं लिहीत असतील तर स्थलांतराआधी हे तपासा आणि तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या. ते काम लिनक्स न टाकताही करण्यासारखं आहे.

सरकारी पत्रं मंगल फॉन्टमध्ये येतात. तो मायक्रोसॉफ्टचा, मिंटमध्ये नसतो. त्याच्या जागी नोटो किंवा लोहित येतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि एका पानाचं पत्र दीड पानावर जातं. वाचायला काही अडत नाही. पण तेच पत्र दुरुस्त करून परत पाठवायचं असेल तर समोरच्याला मांडणी बिघडलेली दिसते. म्हणून बाहेर जाणारं सगळं पीडीएफ करून पाठवायची सवय लावा. स्वतःची पत्रकं मुक्त फॉन्टांत करा. एक टाइपच्या मुंबईच्या मंडळींनी केलेला 'मुक्त' सुंदर आहे आणि विंडोजवरही फुकट बसतो. सिस्टीमची भाषा मात्र इंग्रजीच राहू द्या, असं माझं मत आहे. अनुवाद अर्धवट आहे, आणि एमएस-सीआयटी केलेल्या माणसाला 'फाइल' आणि 'सेव्ह' हेच शब्द ओळखीचे आहेत.

कोणी लिनक्सकडे वळू नये, तेही सांगतो. सेवा केंद्रवाल्यांनी नाही: आधारसाठीचे बोटांचे ठसे घेणारी उपकरणं बहुतांशी विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बनतात. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराने नाही. ते सॉफ्टवेअर विंडोजचं आहे, आणि आडमार्गाने लिनक्सवर चालवून त्यावर जीएसटीचा कारभार सोपवण्यात धोका आहे. फ्लेक्स छापणाऱ्यांनी नाही. त्यांचं सगळं कामकाज कोरलड्रॉमध्ये चालतं आणि इंकस्केपमध्ये त्या फायली धड उघडत नाहीत. शासकीय टायपिंग परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीच्या घरीही नको; संस्थेत ज्या सॉफ्टवेअरवर सराव होतो तेच घरी हवं. अभियांत्रिकीला गेलेल्या मुलाने मात्र लिनक्स जरूर घ्यावं, त्याला पुढे तेच लागणार आहे.

वीज आणि नेटवर्क या कोकणातल्या दोन रोजच्या गोष्टी. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्यावरून गेलं तेव्हा सिंधुदुर्गातही तेच झालं. पण रोजचा त्रास वादळाचा नसतो. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, तो थेट विजेवर चालतो, आणि पावसात दिवसातून पाच वेळा वीज जाते. मिंट ज्या पद्धतीने डिस्कवर लिहितं तिच्यात बदलांची नोंदवही असते, त्यामुळे अचानक बंद पडल्यावर ते बहुतेक वेळा स्वतःच सावरतं. अपडेट चालू असताना वीज गेली तर पुढचा अपडेट अडतो आणि टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) एक आज्ञा द्यावी लागते. म्हणून बॅटरी नवी घाला. टाइमशिफ्ट चालू ठेवा. अपडेटनंतर काही बिघडलं तर ते सिस्टीम आदल्या स्थितीत नेतं. लक्षात घ्या, ते फोटो आणि कागदपत्रं सांभाळत नाही, त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर लागतेच. आणि मिंट विचारल्याशिवाय अपडेट उतरवत नाही. मोबाइलच्या डेटावर चालणाऱ्या घरात ही मोठी सोय आहे.

आता मूळ मुद्दा, माणसांचा. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने या शतकाच्या सुरुवातीला आपले संगणक लिनक्सवर न्यायचं ठरवलं, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक नेलेही, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा निर्णय घेतला. केरळमध्ये सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर चालतात. तिथे २००१ पासून शाळांसाठी स्वतंत्र आयटी प्रकल्प होता, तोच २०१७ मध्ये 'काइट' ही सरकारी कंपनी झाला. शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं, पाठ्यपुस्तकं त्याच सॉफ्टवेअरवर लिहिली गेली, बिघाड झाला तर कोणाला विचारायचं हे प्रत्येक शाळेला माहीत होतं. दोन्हीकडे लिनक्स एकाच जातीचं. म्युनिकमागे राजकारणासकट बरीच कारणं होती, पण केरळात शिक्षकाला आधार होता ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. महाराष्ट्रात लाखो लोक संगणक शिकले ते विंडोज आणि एमएस ऑफिसवर, त्यामुळे शेजारपाजारी विचारायला माणूस मिळतो तो विंडोजचाच.

म्हणून सुट्टीत येऊन लिनक्स टाकायचं आणि सहाव्या दिवशी गाडी पकडायची, हे करू नका. तालुक्याच्या गावी जो दुरुस्तीवाला आहे त्याला आधी भेटा, मिंट बघशील का असं विचारा. माहीत नसलं की बरेच जण तपासत बसत नाहीत, लॅपटॉप हातात आला की विंडोज टाकून मोकळे होतात. कोणीच तयार नसेल तर दुरून मदत करायची सोय तुम्हालाच करावी लागेल. रस्टडेस्क किंवा एनीडेस्क टाका, आणि कुणाच्या मदतीशिवाय आईला ते उघडता येतं ना हे तुम्ही घरात असतानाच पाहा.

चतुर्थीच्या धावपळीत हे करूही नका. थोडं आधी या, किंवा विसर्जन झाल्यावर चार दिवस थांबा, दिवाळीचे पाहुणे सुरू व्हायच्या आत. मिंट पेनड्राइव्हवर घेऊन या. फाइल सुमारे ३ जीबीची आहे, गावच्या नेटवर्कवर उतरवत बसू नका. डिस्कवर काही न टाकता पेनड्राइव्हवरूनच चालू करा आणि वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून उघडणं, प्रिंटर, मराठी टंकलेखन, एवढं एकेक तपासा. वायफाय दिसलं नाही तर फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट वापरा, मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर बहुतेक वेळा उरलेलं काम करतो. सगळं जमलं तरच बसवा. पासवर्ड आईच्या हिशेबाच्या वहीत लिहा. आपोआप लॉगइन ठेवलंत तर क्रोम उघडताना 'कीरिंग'चा, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांच्या तिजोरीचा, पासवर्ड मागणारी चौकट येते. ती पाहून वडिलांना वाटेल की खातं हॅक झालं, तेव्हा त्यांना ती आधीच दाखवा. मग लॅपटॉप त्यांच्या हाती द्या आणि बाजूला बसा. पाहुण्याची पावती त्यांनीच करायची, बिल त्यांनीच भरायचं, फोटो त्यांनीच फोनमधून काढायचे. माउस तुम्ही हातात घ्यायचा नाही. लिब्रेऑफिस शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे मराठी निवेदनातले पाठ आहेत, ते उतरवून लॅपटॉपवर ठेवा. ज्या दोन-तीन गोष्टींत ते अडखळतील त्या कागदावर मराठीत, पायरी पायरीने लिहून लॅपटॉपच्या पिशवीत घाला, आणि खाली तुमच्याबरोबर तालुक्यातल्या त्या दुरुस्तीवाल्याचाही नंबर लिहा.